वाजायलंय, पण पेटंना

शेगडी दुरुस्त करणाऱ्याला देगलूरच्या बाजूला निरोप येतो तो बहुधा असा: "भाऊ, टकटक वाजायलंय, पण पेटंना गेलंय." अनुभवी माणसाला एवढ्यातच निम्मं दुखणं कळतं. वाजतंय, म्हणजे खटका हलतोय किंवा सेलमध्ये जीव आहे. पेटत नाही, म्हणजे ठिणगी पडत नाही, किंवा पडते ती भलत्याच जागी, किंवा ठिणगी उत्तम आहे पण तिच्यापर्यंत गॅसच पोचत नाही. यांतलं नेमकं कोणतं, हे ठरवायला पाना-पेचकस लागत नाही. काडेपेटीतली एक काडी पुरते.

घरात गॅसचा वास नाही ना, हे मात्र आधी पाहायचं. वास येत असेल तर काडीला हात लावायचा नाही, सरळ या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद वाचायचा. वास नसेल तर काडी ओढून बर्नरच्या कडेला धरायची आणि मग बटण फिरवायचं. क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. बर्नर निळ्या कड्यानं नीट पेटला तर गॅस ठीक, हवा ठीक, दोष ठिणगीचा. काडीनंही पेटला नाही, अर्धाच पेटला किंवा भप्प करून विझला, तर लायटर बदलून काही होणार नाही. इतकी साधी गोष्ट, पण घरोघर उलटं घडतं. आधी नवा लायटर येतो, मग नवा सेल येतो, मग शेगडीच जुनी झाली असं घरात ठरतं, आणि शेवटी सिलिंडरमागे दुमडलेली नळी सापडते.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो पेटतो. कमी पडला तर पेटत नाही हे सगळ्यांना पटतं. जास्त झाला तरी पेटत नाही हे पटायला जड जातं. पण जेटच्या तोंडाशी निव्वळ गॅस असतो, तिथं कितीही ठिणग्या पाडल्या तरी वाया. म्हणून शेगडीत गॅस जेटच्या बारीक भोकातून जोरात सुटतो, जाता जाता बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो, पुढच्या नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येतात. ठिणगी हवी ती त्या छिद्रांपाशी, आणि तीही मिश्रण तिथं येऊन पोचल्यावर.

यातलं वेळेचं गणित लोक फार हलक्यानं घेतात. मध्यम आकाराचा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे मिनिटाला लिटरभर किंवा थोडा जास्त. बटण चालू ठेवून कुणी मिनिटभर नुसताच खटखट करत बसलं, तर तेवढ्या गॅसनं ५० ते ६० लिटर हवा पेटण्याजोगी होते. मग एकदाची ठिणगी लागते आणि भडका हातावर, भुवयांवर येतो. तीन-चार सेकंदांत पेटलं नाही तर बटण बंद करावं, मिनिटभर थांबावं आणि मग पुन्हा बघावं. हा गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड आहे. तो ओट्यावरून खाली उतरतो आणि फरशीलगत साचतो. वरची खिडकी उघडून तो फारसा जात नाही, दार उघडावं लागतं.

काडीनं पेटलं, लायटरनं पेटत नाही, अशा घरापासून सुरुवात करू. मराठवाड्यात अजून बहुतेक ओट्यांवर साधी दोन बर्नरची शेगडी आणि खिळ्याला टांगलेला लायटर हीच जोडी दिसते. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतल्या घरांत गॅस आला तोही बहुधा याच जोडीसह. या लायटरमध्ये सेल नसतो, वायर नसते, तरी तो वर्षानुवर्षं ठिणगी देत राहतो. त्यामागचं तत्त्व १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या दोन तरुण भावांनी पॅरिसमध्ये दाखवून दिलं: क्वार्ट्झ, टूर्मलीन अशा काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो. उसाच्या साखरेच्या खड्यातही हा गुण आहे. पुढे मारी क्यूरी युरेनियमच्या किरणांचा अभ्यास करू लागल्या तेव्हा त्यातले अतिसूक्ष्म प्रवाह मोजायला त्यांनी याच गुणावर चालणारं क्वार्ट्झचं उपकरण वापरलं. आपल्या लायटरात आता क्वार्ट्झ नसतो. १९५०च्या दशकात पुढे आलेल्या, शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्यापासून केलेल्या सिरॅमिकची छोटी कांडी असते. अंगठ्यानं दाबताना आतली स्प्रिंग ताणली जाते, एका जागी सुटते आणि हातोडीसारखा तुकडा त्या कांडीवर आदळतो. 'टक्' हा आवाज त्या आघाताचा असतो. ठिणगीचा आवाज वेगळा आणि फार बारीक असतो.

हवेतली एक मिलिमीटर फट ओलांडायला ठिणगीला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. चार मिलिमीटरची फट धरली तर आकडा १२,०००च्या घरात जातो. तेवढा दाब ही कांडी एका ठोक्यात तयार करते. प्रवाह मात्र इतका थोडा आणि क्षणाचा असतो की बोट मध्ये आलं तर चिमटा बसावा तेवढंच.

म्हणजे लायटर बिघडण्याच्या वाटा दोनच. 'टक्' मऊ झाला, अडखळला, तर स्प्रिंग थकली. ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवा आणावा. 'टक्' कडक आहे पण ठिणगी दिसत नाही, तर टोकाशी बघावं. नळीच्या मधोमध एक टोक असतं आणि त्याच्याभोवती धातूचं कडं. फोडणीच्या तेलकट वाफेचा थर त्या दोघांमध्ये बसतो, त्यावर काजळी धरते, आणि विद्युतभार फट ओलांडण्याऐवजी त्या थरावरून गुपचूप निसटतो. श्रावणातल्या दमट दिवसांत हेच काम नुसता ओलावा करतो. टोक कोरड्या फडक्यानं पुसावं, लायटर दिवसभर उन्हात ठेवावा. तो गॅसच्या आचेवर धरून 'गरम करण्याची' पद्धत मी पाहिली आहे. त्यानं टोकावर आणखी काजळी चढते आणि आतलं प्लास्टिक वितळतं. जाता जाता: लायटर हा काडीचा आधुनिक वारस वाटतो, पण वयानं तो मोठा आहे. डोबरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हायड्रोजन आणि प्लॅटिनम वापरून आपोआप पेटणारा दिवा १८२३ मध्ये बनवला. इंग्लंडमधल्या जॉन वॉकरच्या घासून पेटणाऱ्या काड्या विकायला आल्या त्या १८२७ मध्ये.

बटण फिरवलं की आपोआप पेटणाऱ्या शेगड्या नांदेडहून, निजामाबादहून, हैदराबादहून देगलुरात येतात, कारण हैदराबादचा महामार्ग गावावरूनच जातो. त्यांच्या दोन जाती आहेत आणि त्या कानानं ओळखता येतात. बटण फिरवताना एकदाच 'टक्' वाजत असेल तर प्रत्येक बटणाखाली लायटरसारखीच कांडी आणि हातोडी आहे. बटण दाबून धरलं की 'टकटकटक' चालूच राहत असेल तर खाली सेलवर चालणारा डबा आहे. काचेच्या महागड्या शेगड्यांत सेलऐवजी घरातली वीज असते. लाईट गेली की त्या गप्प होतात, पण काडीनं पेटतात.

एका 'टक्'च्या शेगडीत बिघाड नसतानाही ती पेटत नाही, याचं एक कारण म्हणजे घाई. बटण झटक्यात फिरवलं तर गॅस छिद्रांपर्यंत पोचायच्या आत ठोका वाजून जातो. दाबून, सावकाश फिरवावं. उन्हाळ्यात डोक्यावर पंखा गरगरत असेल तर तोही बंद करावा. वारा मिश्रणाला ठिणगीपासून दूर नेतो.

सेलच्या शेगडीत दीड व्होल्टचा एकच सेल असतो. डब्यातलं सर्किट त्या दीड व्होल्टचे तुकडे तुकडे करून, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टपर्यंत चढवतं आणि जाड आवरणाच्या वायरींनी प्रत्येक बर्नरपाशी पाठवतं. सेल उतरला की टकटक मंदावते, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं, मग आवाजच बंद होतो. सेल बदलताना त्याच्या खणातली पितळी पट्टी बघायलाच हवी. शेगडीखालच्या उष्णतेनं जुना सेल फुटून गळतो आणि पट्टीवर हिरवट-पांढरी पूड धरते. मग नवा कोरा सेल घातला तरी काही होत नाही आणि दोष दुकानदाराला लागतो. पूड कोरड्या फडक्यानं काढून पट्टी बारीक पॉलिश पेपरनं घासावी, काम झालं की हात धुवावेत. बरेच दिवस गावाला जायचं असेल तर सेल काढून ठेवणं उत्तम.

ठिणगीचा खरा तपास रात्री होतो. रेग्युलेटर बंद करायचा, बर्नर चालू करून आत राहिलेला गॅस जळून जाऊ द्यायचा, मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून एकेक बटण फिरवायचं. सेलच्या बहुतेक शेगड्यांत कोणतंही एक बटण फिरवलं तरी सगळ्या बर्नरांपाशी ठिणग्या पडतात. सगळीकडे अंधार असेल तर सेल, डबा किंवा बटणाखालचा स्विच बघावा. तीन ठिकाणी पडते आणि एका ठिकाणी नाही, तर त्या एकाची वायर निसटली आहे किंवा त्याचं टोक घाण झालं आहे. डबा बदलायचे पैसे वाचले. कधी कधी ठिणगी भलतीकडेच दिसते, पांढऱ्या सिरॅमिकच्या पायापाशी किंवा खाली ताटलीच्या कडेला. सिरॅमिकला तडा गेलेला असतो किंवा वायरीचं आवरण उंदरानं कुरतडलेलं असतं. विजेला जवळची वाट मिळाली की ती बर्नरपर्यंत जायचे कष्ट घेत नाही. चिकटपट्टी गुंडाळून हे भागत नाही, कारण हजारो व्होल्ट आणि शेगडीची उष्णता या दोन्हींपुढे ती टिकत नाही. तो भाग बदलावाच लागतो.

आणि इथं भाकरीचा विषय काढलाच पाहिजे, कारण शेगडीची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती नसते. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो, आणि तव्याच्या कडेनं थेंब खाली जातात. काटवटीतून उडालेलं पीठ बर्नरच्या छिद्रांत बसतं. शेवटी तवा उतरवून भाकरी थेट आचेवर शेकली जाते, तिचे करपलेले कण पुन्हा तिथंच पडतात. ओलं पीठ सिरॅमिकवर बसून भाजलं गेलं की त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. दूध उतू जाण्याचा नंबर याच्या नंतरचा, कारण ते कधीतरी जातं. भाकरी रोज होते. उपाय फार मोठा नाही. शेगडी गार झाल्यावर पांढरा खांब आणि त्याचं धातूचं टोक जुन्या दातघासणीनं कोरडं घासावं. टोक आणि बर्नर यांच्यातली फट तीन ते पाच मिलिमीटर असावी. भांडं आपटून टोक वाकलं असेल तर बोटानं हळूच सरळ करता येतं, पण सिरॅमिकवर जोर देऊ नये, ते काचेसारखं कडकन तुटतं.

बर्नरची टोपी नीट बसली नसेल तरी ठिणगी चुकते. ठिणगीला उडी मारायला समोर बर्नरचं धातू लागतं. टोपी तिरकी असली की फट एका बाजूला वाढते. पितळी टोप्या चिंचेच्या कोळानं घासायची आपली रीत चांगली आहे, चिंचेतलं आम्ल काळा थर काढतं. पण त्या धुऊन लगेच ओल्याच बसवल्या की छिद्रांत पाण्याचे पडदे धरतात आणि सिरॅमिकही भिजतं. "कालच शेगडी स्वच्छ केली आणि आज पेटंना," ही तक्रार म्हणूनच येते. तासभर उन्हात ठेवल्या की ती मिटते. पाणी बटणाखालून आत गेलं तर उलटाच प्रकार होतो: बटणं बंद असूनही टकटक थांबत नाही. आतला स्विच ओला होऊन चिकटलेला असतो. सेल काढावा, विजेवरची असेल तर प्लग काढावा, बटणं उपसून शेगडी पूर्ण वाळू द्यावी.

आता दुसरी बाजू. काडीनंही नीट पेटत नाही, तेव्हा गॅसच्या वाटेनं उलटं चालत जायचं. आधी सिलिंडर. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपत आलाय का, हे हलवून कळत नाही. त्याच्यावर उभा ओला फडका ओढावा. आत पातळ गॅस आहे तेवढा भाग उशिरा वाळतो, वरचा लवकर. नवा सिलिंडर लावल्यावर पहिल्यांदा पेटत नसेल तर नळीत शिरलेली हवा हे कारण असतं. थोडं थांबून पुन्हा एकदोनदा प्रयत्न केला की काम होतं. मग नळी दुमडली आहे का, कशाखाली दबली आहे का ते बघावं. नळीवर छापलेली तारीखही वाचावी, पाच वर्षांनी ती बदलायची असते.

रेग्युलेटर सिलिंडरमधला मोठा दाब उतरवून शेगडीला चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम एवढाच दाब देतो, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा. बाहेर मे महिन्याचं ऊन असो वा डिसेंबरची पहाट, शेगडीला मिळतो तो एवढाच. हा दाब इतका नाजूक असल्यामुळे वाटेतला थोडासाही अडथळा लगेच जाणवतो. धाब्यांवर १९ किलोच्या सिलिंडरला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर "आच चांगली लागते" म्हणून घरच्या शेगडीला जोडणारे लोक आहेत. त्यानं ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते आणि विझते, नळीचे सांधे गळू लागतात. याला काटकसर म्हणावं की धाडस, मला ठरवता येत नाही.

जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. ते बुजलं की ज्योत बारीक होते, आणि मग घरातली कुणीतरी सुई शोधते. सुई घालू नये. जेट पितळेचा, सुई पोलादाची. भोक मोठं होतं, गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत पिवळी पडते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. जेट काढून उलट बाजूनं फुंकणं किंवा नवा बसवणं, आणि हे काम मिस्त्रीकडून करून घेणं बरं. बर्नरच्या वरच्या छिद्रांना मात्र बारीक तार चालते. मिश्रणनळी बरेच जण विसरतात. शेगडी काही महिने बंद राहिली असेल तर तिच्यात कोळी जाळं करतो, आणि तेवढं जाळं हवेची वाट अडवायला पुरतं. आच कमी करताच भप्प आवाज होऊन ज्योत आत जेटपाशी जळू लागली, घरघर ऐकू आली, तर बटण ताबडतोब बंद करावं. मिश्रण बाहेर येण्याचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी पडल्याची ती खूण आहे. टोपी नीट बसलेली नाही किंवा छिद्रं झिजून मोठी झाली आहेत. बटण फिरवायला जड जात असेल तर कॉकमधलं ग्रीस वाळलं आहे. तिथं गोडं तेल सोडू नये, ते उष्णतेनं चिकट होतं आणि कॉक आणखी अडकतो.

ओट्यात बसवलेल्या काचेच्या काही शेगड्यांची तक्रार निराळीच असते: पेटते, पण बटण सोडलं की विझते. यात ठिणगीचा दोष नसतो. बर्नरशेजारी दुसरी एक बारीक दांडी असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हे सीबेकनं १८२१ मध्ये पाहिलं. ती इथं काही मिलिव्होल्ट एवढीच असते, पण छोट्या चुंबकाला गॅसची झडप उघडी धरायला पुरते. ज्योत विझली की दांडी गार होते, चुंबक सुटतं, गॅस बंद. म्हणून पेटवल्यावर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि दांडीवर काजळी बसली किंवा ती ज्योतीपासून सरकली तर कितीही धरलं तरी उपयोग होत नाही. घासून, जागेवर आणून बघावी. ही दांडी त्रास देते म्हणून झडप कायमची उघडी करून देणारे कारागीर मिळतात; तसं करून घेऊ नये.

गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही तपासायचं नाही. तो वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो, मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. बटणं आणि रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेचं कोणतंही बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, लायटर-मोबाइल वापरू नये, बाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर किंवा गॅस एजन्सीला कळवावं. दुरुस्ती झाल्यावर नळीची दोन्ही टोकं आणि रेग्युलेटरचा सांधा साबणाच्या पाण्यानं तपासावा. बुडबुडे आले तर गळती आहे, रेग्युलेटर पुन्हा बंद करून मिस्त्रीला परत बोलवावं.